पानावर न दिसणारं नाव

प्रिय रत्ना,

कालपासून अकरा वेळा तुला फोन लावला. तळेघरला रेंज नाही हे माहीत असूनही लावत राहिले. शेजारच्या प्रयागबाई आता एसटीने तिकडे निघाल्यात, त्यांच्या हातून ही चिठ्ठी पाठवते. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

तुझ्या नाचणीच्या बिस्किटांची वेबसाइट केली तेव्हा तू एकच गोष्ट मागितली होतीस, नाव नको. लोणीचं सासर सोडून तू निघालीस त्याला दोन वर्षं झाली, तरी प्लास्टरमधला तुझा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून पानावर मी ना तुझं नाव टाकलं, ना गाव. फोन नंबरसुद्धा माझाच दिला.

काल दुपारी त्या नंबरवर एक फोन आला. माणसाने आधी बिस्किटांचा भाव विचारला. मग अगदी सावकाश म्हणाला, "रत्ना तळेघरलाच ऱ्हाती नव्हं? बरी हाय का?" "कोण बोलतंय?" मी विचारलं. तो हसला. "ऱ्हाऊ द्या ताई, उद्या दुपारच्याला मीच येतो." तो गोरखच होता. तुझ्या नवऱ्याचा आवाज मी विसरलेले नाही.

पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, तुझं नाव कुठेच नव्हतं. मग आठवलं. वेबसाइटच्या कोडमध्ये अगदी वर मेटा टॅग नावाच्या ओळी असतात. त्या पानावर दिसत नाहीत. माहिती कशाची आहे ते 'नेम'मध्ये लिहायचं आणि खरी माहिती 'कंटेंट'मध्ये. मी 'नेम'मध्ये 'डिस्क्रिप्शन' लिहिलं होतं, म्हणजे पानाची ओळख, आणि 'कंटेंट'मध्ये तुझं माहेरचं पूर्ण नाव, पुढे तळेघर. कुणी ते नाव इंटरनेटवर शोधलं की हीच ओळ वर येते.

चुकून झालं असं म्हणणार नाही. ही ओळ शोधात दिसते, हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं. पण एवढ्या कष्टाच्या कामावर तुझं नाव कुठेच नसावं, हे मला सोसवेना. कोण शोधणार आहे, असं वाटलं. तुला न विचारता टाकलं.

रात्रीच ती ओळ पुसली, पान शोधात दाखवू नका असा 'रोबोट्स'चा टॅगही घातला. पण जुनी ओळ अजून दिसतेय, जायला काही दिवस लागतील. आणि ज्याने वाचायची त्याने वाचली आहे. आज सकाळी पोलिसांत अर्ज दिला, पण माणूस कधी पाठवतील ते सांगितलं नाही.

त्याने सांगितलेली दुपार आजचीच आहे, म्हणून हे लिहितेय. वाचून झालं की भट्टी विझव आणि प्रयागबाईंबरोबर परतीच्या त्याच एसटीत बस. सामान राहू दे. घोडेगावला मी स्टँडवर उभी असेन. माझ्यावर जन्मभर रागाव, हवं तर तोंड पाहू नकोस, पण ते सगळं इथे येऊन कर.

तुझीच,
वृषाली