इमानाचा गोठा

मी, प्रमोदिनी विष्णुपंत गोळिवडेकर, वय त्र्याहत्तर पूर्ण, निवृत्त शिक्षिका, कायमची राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा उजवा खुबा मोडला आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसे वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भरीला पाडलेले नाही. पस्तीस वर्षे सातवीला मराठी शिकवलेली बाई सहसा भरीला पडत नाही. वकिलांनी एक मसुदा पाठवला होता. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका होत्या आणि विमान 'इतर किरकोळ जंगम वस्तू' यात घातले होते. म्हणून मीच लिहायला बसले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच, तर ते माझे नव्हे.

माझे पती कै. विष्णुपंत यांचा उल्लेख यापुढे 'हे' असा येईल. त्यांचे नाव घ्यायची जिभेला सवय नाही.

कलम १. माझी मिळकत अशी: रहिमतपूर येथे गावाबाहेर माळाला लागून असलेले चार खोल्यांचे घर, त्याच्या मागे चाळीस फूट अंतरावर स्वतंत्र बांधलेली, अडतीस फूट रुंद आणि सव्वीस फूट खोल अशी विमान ठेवण्याची गरम खोली, तिच्यातले दोन माणसांचे लाकडी विमान, बँकेतली ठेव, थोडे सोने, आणि भांडीकुंडी. गावात त्या खोलीला 'इमानाचा गोठा' म्हणतात. 'विमान' म्हणा, असे सांगून मी थकले. आता मीही तेच म्हणते.

कलम २. हा गोठा कसा झाला ते लिहिल्याशिवाय पुढची व्यवस्था कोणाला कळणार नाही.

हे हवाई दलात विमानांच्या सांगाड्याचे कारागीर होते. पंचवीस वर्षे आसाम, बंगाल, राजस्थान असे फिरले. मी रहिमतपूरला शाळेत. वर्षाला दोन रजा, तेवढाच संसार. नव्वद साली ते निवृत्त होऊन आले, तेव्हा मला वाटले, आता घरात चहाचे दोन कप लागतील. ब्याण्णव साली त्यांनी ओसरीवर देवदाराच्या पट्ट्या आणून टाकल्या आणि म्हणाले, "दोन माणसांचं विमान करतोय." मी म्हणाले, "करा." आपला माणूस रिकामा बसत नाही, याचे बरेच वाटले होते.

दोन वर्षे खपून त्यांनी पंख केले. वर चढवायला माधवनगरच्या गिरणीतून बारीक सुताचे कापड आणले. सगळे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. रहिमतपूरचा पाऊस काही महाबळेश्वरचा नव्हे, पण त्या वर्षी आषाढ-श्रावणात अशी झिमझिम लागली की गुळाच्या ढेपांनासुद्धा पाणी सुटले. लाकूड फुगले, सांधे उकलले, कापडावर काळी बुरशी चढली. हे दिवसभर त्या पंखांपाशी बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "चूक माझी. त्याला उबेत ठेवायला हवं होतं."

पुढच्या थंडीत त्यांनी आणि मुजीबने गोठा बांधला. मुजीब पीरमहंमद शिकलगार, माझा सातवीतला विद्यार्थी. मराठीत दोनदा नापास, पण लोखंड त्याचे ऐकते. भिंती दुहेरी केल्या, बाहेर विटा, आत फळ्या, मधल्या पोकळीत काथ्या ठासून भरला. आत रंग आणि पेट्रोल, म्हणून विस्तव बाहेर ठेवला. मागच्या भिंतीबाहेर पडवी काढून मुजीबने पत्र्याचा मोठा बंब बसवला. आपण अंघोळीला तापवतो तसाच, पण म्हशीएवढा. त्याचे गरम पाणी नळीने आत जाते, जुन्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये फिरते, मागून पंखा ऊब सोडतो. खिळ्याला ओलावा दाखवणारे घड्याळासारखे यंत्र. काटा पंचावन्नच्या पुढे गेला की बंब पेटवायचा. दार जड वजनाला बांधलेले, आपोआप मिटणारे.

गोठ्याच्या जागेत माझ्या आईने लावलेले सीताफळाचे झाड होते. मी शाळेत गेले असताना ते तोडले. हे मी त्यांना माफ केलेले नाही, आणि मृत्युपत्रातही करत नाही.

कलम ३. फलटणला दिलेली माझी धाकटी बहीण संयोगिता हिने माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी पंक्तीत, चाळीस माणसांदेखत म्हटले होते, "आमच्या ताईची सवत मागच्या अंगणात राहते, आणि तिला थंडी वाजू नये म्हणून भावजी पहाटे उठतात." सगळे हसले. मीही हसले, आणि वाढायला आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. संयोगिताला माझ्या गोधड्यांपैकी सर्वांत जाड गोधडी द्यावी. तिलाही थंडी वाजू नये.

कलम ४. विमान दोन हजार चार साली पुरे झाले. परवानगीसाठी यांनी तीन वर्षे कागद पाठवले. शेवटी एक अधिकारी येऊन बघून गेले. काम चोख आहे म्हणाले, चहा घेतला, पण घरी केलेले लाकूड आणि गिरणीचे कापड नियमात बसत नाही म्हणाले. उडवायचे नाही.

त्यानंतरच्या मार्गशीर्षात एका सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

"चल. माळावर नुसतं फिरवून आणतो. मागची सीट तुझी आहे."

मी परातीत कणीक मळत होते. वर न बघता म्हणाले, "मला पोळ्या करायच्यात."

ते जरा वेळ उभे राहिले असावेत. मग गेले. थोड्या वेळाने माळावरून आवाज आला. मला मळणी यंत्र वाटले. जेवताना मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. पुढे सात-आठ वर्षे हा विषय निघाला नाही. ते रोज गोठ्यात जात, पुसत, तेलपाणी करत. आमच्या घरात भांडण कधी झाले नाही. भांडायला समोरासमोर बसावे लागते.

कलम ५. दोन हजार पंधरा साली यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. पलंग खिडकीशी लावला होता, तिथून गोठा दिसे. जूनमध्ये भुरभुर सुरू झाली, तसे ते डावा हात उचलून तिकडे बोट दाखवत आणि माझ्याकडे बघत. पहिल्या दिवशी मी ते बघून न बघितल्यासारखे केले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मग मी पदर खोचला आणि चिपाडे घेऊन बंब पेटवायला गेले. चार पावसाळे पेटवला. धुराने डोळे चोळत आत येई, तेव्हा ते माझ्याकडे असे बघत, जसे लग्नानंतर कधी बघितले नव्हते. हे खरे आहे, म्हणून लिहिते.

दोन हजार एकोणीसच्या माघात ते गेले. तेराव्याला मुजीब आला, कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "बाई, एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या दिवशी माळावर इमान उचललं हुतं. लय न्हाई, पुरुषभर. मी बारा आकडे मोजले, तवर वर हुतं. कुणाला सांगू नगं म्हनाले."

"मागे कोण बसलं होतं? तू?"

"न्हाई. तुमच्या सीटवर वाळूचं पोतं बांधलं हुतं. तोल जाऊ नये म्हून. साहेबांनी तराजूवर मोजून भरायला लावलं. शेचाळीस किलो."

माझे वजन तेव्हा सेहेचाळीसच होते. त्यांनी ते कधी विचारले होते, मला आठवत नाही.

त्या जूनमध्ये मी ठरवले होते, आता बंब पेटवायचा नाही. कोणासाठी पेटवायचा? दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पेटवला. काटा खाली येईपर्यंत वाट बघायची म्हणून स्टूल लावून विमानात, मागच्या सीटवर जाऊन बसले. मी चार फूट नऊ इंच. शाळेतल्या खुर्चीवर, एसटीत, सोफ्यावर, कुठेही बसले तरी माझे पाय लोंबकळतात. तिथे टेकले. पायांखालची फळी मुद्दाम उंच करून बसवलेली होती. मी तिथे पुष्कळ वेळ रडले. त्यानंतर पाच पावसाळे रोज जाऊन बसत होते. तिथे बसून वर्तमानपत्र वाचत असे. शेजारपाजारच्यांना वाटे, म्हातारी विमान राखते. राखत नव्हते. घरात माझ्याशी बोलणारे कोणी नव्हते, आणि तिथे निदान ऊब होती.

कलम ६. यंदा चोवीस जुलैला सकाळी नऊच्या सुमारास मी बंब पेटवून गोठ्यात काटा बघायला गेले, पाय निसटला आणि पडले. दार आपोआप मिटले. फोन स्वयंपाकघरात. मी हाका मारल्या. दुहेरी भिंती, मध्ये काथ्या. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून केलेल्या भिंतींतून आवाज कुठून जाणार? घसा बसल्यावर हाका थांबवल्या. झोप लागली तर उठणार नाही असे वाटले, म्हणून त्र्याऐंशी सालच्या सातवी ब ची हजेरी घ्यायला लागले. अडतीस मुले. तीनदा घेतली. बंब विझला, फरशी गार पडत गेली. एक विचार सारखा येत होता, की मी गेले तर कळायला संध्याकाळ होईल, माझा मुलगा अनीश याचा रोजचा फोन उचलला गेला नाही म्हणजे.

अडीच वाजता दार उघडले. मुजीब उभा होता. त्याचे वेल्डिंगचे दुकान माळापलीकडे आहे.

"तुला कसं रे कळलं?"

"धूर दिसला न्हाई. एरवी दुपारपातूर धूर असतोय. साहेब गेल्यापासनं मी रोज बघतोय, बाई. धूर हाय म्हंजे बाई हाय."

पाच वर्षे. आणि मी समजत होते, की मला बघणारे कोणी नाही.

कलम ७. व्यवस्था.

घर आणि घराखालची जागा माझा मुलगा अनीश याला. बँकेतली ठेवही त्याला. सोने सून अबोली हिला. ती या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील. तिला कागद नीट ठेवता येतात, आमच्या रक्तात ते नाही.

गोठा, त्याखालची जागा, रस्त्यापर्यंत जायची वाट, विमान, हत्यारे आणि बंब हे सर्व मुजीब शिकलगार याला. मी त्याला फोनवर सांगितले, तेव्हा म्हणाला, "आवं बाई, मला इमान काय करायचंय? लोकं हसतील." मी म्हणाले, "मला पंचवीस वर्षं हसत होते. तुला सवय होईल." मग म्हणाला, "बरं. पर तुमी हाय तवर न्हाई." या देण्यावर कुठलीही अट नाही. विमान ठेवावे, द्यावे, मोडावे, गोठ्यात दुकान थाटावे. एक मात्र स्पष्ट लिहिते: माझ्या पश्चात त्या विमानासाठी कोणी बंब पेटवू नये. यांनी वीस वर्षे पेटवला, मी नऊ. दोघांनीही ती ऊब एकमेकांना द्यायची होती. लाकूड फुगले तर फुगू द्यावे.

कलम ८. अनीशसाठी.

बाळ, तू नऊ वर्षांचा असताना तुला विषमज्वर झाला, तेव्हा तुझे वडील बंगालमध्ये होते. ते घरी आले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास, आणि पुढे ते गोठ्यात गेले. तू सांगलीला राहून दुकान काढलेस, गोठ्यात पाय ठेवला नाहीस, वर्षानुवर्षे तो पाडू म्हणालास. तुझे काही चुकले नाही. दवाखान्यात तू माझ्या उशाशी बसून म्हणालास, "आई, तू साडेपाच तास पडली होतीस. मी रोज फोन करतो आणि जेवलीस का विचारून ठेवून देतो. मला कळलं नाही. मुजीबला कळलं." मी तेव्हा डोळे मिटून पडले होते. जागी होते.

मी पुन्हा रहिमतपूरला जाणार म्हणाले, तेव्हा तू भांडला नाहीस, याचेच मला आश्चर्य वाटले. गेल्या रविवारी सकाळी गाडी घेऊन गेलास आणि रात्री हाताला फोड आणून परत आलास. मी विचारले, तर ताटावरून मान वर न करता म्हणालास, "गोठ्याच्या भिंतीला खिडकी पाडली. मुजीबच्या दुकानाकडे. काथ्या काढता काढता जीव गेला. तिथून हाक मारलीस की त्याला ऐकू जातं. आम्ही दोघांनी करून बघितलं."

मी म्हणाले, "ऊब जाईल रे सगळी."

तू म्हणालास, "जाऊ दे."

दसऱ्यानंतर मी रहिमतपूरला जात आहे. तू दर रविवारी येणार असे म्हणतोस. ये.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचून पाहिले आहे. शुद्धलेखन तपासले आहे. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे सही केली आहे. माझ्या मागे यावर कोणी वाद घालू नये. घालायचाच असेल, तर मी असेपर्यंत रहिमतपूरला येऊन समोर बसून घालावा. चहा मिळेल.

सही: प्रमोदिनी विष्णुपंत गोळिवडेकर

आमच्यासमोर बाईंनी हे वाचून सही केली. बाई शुद्धीवर आणि ठाम होत्या:

साक्षीदार १: डॉ. क्रांती आवटी, सांगली
साक्षीदार २: बिराप्पा मगदूम, निवृत्त पोस्टमास्तर, माधवनगर

स्थळ: सांगली
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२४