गाडीतला दोर

११ मार्च

प्रिय दादास,

पत्राच्या सुरुवातीला थोरल्या भावाला जे जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समज आणि माझा नमस्कार घे. फोन असताना हे पत्र कशाला, असं वहिनी विचारेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "जाऊ दे गं ठमे, जेवलीस का?" म्हणतोस आणि मोकळा होतोस.

जेवतेय. झोपेचं काही खरं नाही. महिनाभर प्रयोगशाळेत नमुन्यांचा नुसता ढीग पडलाय. फ्रीजचं दार लागत नाही म्हणून त्याला खुर्ची टेकवलीय, त्यामुळे आम्हाला बसायला एक खुर्ची कमी. मॅडम म्हणतात, बरं झालं, उभ्याने काम लवकर होतं. माझी पाठ पार गेलीय. वहिनीचा गुडघा कसा आहे? पट्टा लावते का, की नुसता खुंटीला टांगून ठेवलाय?

तुझ्या गोठ्याचा निकाल आला.

लाळ्या-खुरकूतच आहे, ते तुला माहीतच होतं. तीन वासरं आणि तुझी कपिली गाय गेल्यावर ते सांगायला माझी काय गरज? पण रोग कुठून आला, हे आता कळतं. आम्ही विषाणूच्या जनुकांची अक्षरं वाचतो, साधारण आठ हजार. विषाणू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढत राहतो, आणि नक्कल काढताना चुकतो. तुझी जुनी वही मी उतरवून काढायचे, आठवतं? तुझ्या चुका तशाच यायच्या, वर माझी एखादी भर. म्हणून तर बाईंनी पकडलं. इथेही तसंच. कोणाच्या चुका कोणाकडे गेल्या ते पाहायचं, की कोण कोणाच्या पोटचं ते कळतं.

तर ऐक. शेजारच्या मास्तरांच्या नव्या गाईकडून तुझ्या गाईंना काही आलेलं नाही. उलटं आहे. तुझ्या गोठ्यातल्या विषाणूत जी एक चूक आहे ती त्यांच्या गाईत जशीच्या तशी आहे, आणि वर एक नवी. त्यांची गाय तुझ्यामुळे आजारी पडली. बाजारातून आणली तेव्हा ती धडधाकट होती, मास्तर सांगत होते तशीच.

तू त्यांना काय काय बोललास ते वहिनीने मला सांगितलंय. डेअरीने त्यांचं दूध घेणं बंद केलं, तेही. आणि तो म्हातारा माणूस शेजारधर्म म्हणून तुझ्या दारात येऊन, न केलेल्या गुन्ह्याची माफी मागून गेला. तू त्यांना आत या म्हणाला नाहीस.

चिडू नकोस. मला तुझ्यावर चिडायचा काडीचा हक्क नाही, ते आता सांगते.

तुझ्या गोठ्यातला विषाणू डोंगरापलीकडच्या मोठ्या फार्मवरून आलाय. दोन्हींत फक्त एका अक्षराचा फरक. मॅडमनी विचारलं, "सत्तर किलोमीटर! मधे कोण गेलं असेल? जनावरांची ने-आण, चाऱ्याची गाडी?" मी म्हणाले, माहीत नाही. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

दादा, त्या फार्मवर नमुने घ्यायला मी गेले होते. नऊ फेब्रुवारीला सकाळी. आणि दुपारी तुझ्याकडे.

आजारी गोठ्यात गेल्यावर पाच दिवस निरोगी गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, हे मीच नवीन पोरांना शिकवते. घसा कोरडा करून शिकवते. मी अंघोळ केली होती, कपडे बदलले होते, बूट पिशवीत बांधले होते. म्हटलं, अंगणातच बसू, चहा घेऊ आणि निघू. आणि तू गोठ्यातून हाक मारलीस. कपिली अडली होती, वासराचे पाय बाहेर, आणि तुझा दोर जाड, सारखा निसटत होता. तेव्हा मीच म्हणाले, "थांब, माझ्या गाडीत मऊ दोर आहे."

त्या दोराने सकाळी मी अकरा आजारी गाईंची तोंडं धरली होती. तो लाळेने ओला होता. मी हात धुतले, बूट धुतले, सगळं धुतलं, आणि दोराचा विचारच केला नाही. आपण दोघांनी मिळून ओढलं. वासरू निघालं तेव्हा तू हसत होतास. "ठमी आली म्हणून जगलं," असं तू गावभर सांगितलंस.

पाचव्या दिवशी कपिलीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. तू फोन केलास तेव्हाच मला तो दोर आठवला होता. पण निकाल येईपर्यंत मी गप्प बसले, आणि निकाल आल्यावरही आठ दिवस गप्प बसले. त्या आठ दिवसांत मास्तर तुझ्या दारात आले. ते मी थांबवू शकले असते. वासरांपेक्षा मला तेच जास्त लागतंय, खरं सांगते.

या चुकांवरून आम्ही विषाणूचा जो वंशवृक्ष काढतो तो फक्त गोठे दाखवतो, मधला माणूस दाखवत नाही. मी बोलले नसते तर कोणाला कधी कळलं नसतं. काल अहवालात रोग नेणारी म्हणून मी माझं नाव घातलं. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही." मी म्हणाले, बरं. अहवालाची प्रत डेअरीलाही जाईल.

मी तुला ओळखते. हे वाचून तू मला पोटाशी धरशील, पत्र कपाटात टाकशील आणि मास्तरांचा विषय पुन्हा काढणार नाहीस. म्हणून याच पत्राची नक्कल मी स्वतःच्या हाताने काढून मास्तरांना पाठवली आहे. दोन्ही एकाच टपालाने निघाली. पोस्टमन आधी तुझ्याकडे येतो आणि मग त्यांच्याकडे जातो. तेवढाच वेळ तुझ्याकडे आहे. माझ्यावर रागवायला पुढे जन्म पडलाय. आधी चपला घाल आणि जा.

तुझ्या गोठ्यात रोग घेऊन आलेली,
तुझी सख्खी बहीण