तिसऱ्या कप्प्यातले ठोके

२ मे, देवपूर

मानवजातीवर झालेल्या अन्यायांची कुणी यादी करत असेल, तर तीत माझ्या उदबत्तीची नोंद व्हावी. बावीस वर्षं सुरत-कोलकाता ट्रक चालवला आणि केबिनमधल्या सप्तशृंगीला रोज उदबत्ती दाखवली. आजपासून पेट्रोलचा टँकर. त्यात काडी ओढायची नाही. देवीनं तक्रार केलेली नाही, मीच करतोय.

बाकी आनंद आहे. सकाळी डेपोत भरायचं, पिंपळनेर नाहीतर बोदवडच्या पंपावर रिकामं करायचं, संध्याकाळी घरी. बायकोनं, लिलाबाईनं, विचारलं, आता रोजच येणार का? हो म्हटलं. ती स्वयंपाकाला लागली. मी तिखट किती खातो हेच ती विसरली होती. भाजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाल्ली. ते पाणी तिखटाचंच होतं, असं इथे लिहून ठेवतो.

६ मे

टँकर जुना पण धड आहे. पाठीवर चार कप्पे, प्रत्येकाला वरून झाकण. सीटमागे बाभळीचा गुळगुळीत दांडका मिळाला, आधीच्या ड्रायव्हरचा असणार. लांबच्या गाडीवाल्याला दांडका दिसला की तो टायर ठोकून हवा बघतो. मीही ठोकले. एका टायरला तीन, ही माझी जुनी सवय. चौथ्या टायरपाशी हात चुकला आणि तीन ठोके टाकीवरच बसले, तिसऱ्या कप्प्यापाशी.

टाकी काठोकाठ भरलेली. भरलेली टाकी मुकी असते, थप्प वाजते. ही घंटेसारखी वाजली. मग आतून तसेच तीन ठोके आले.

पत्रा उन्हानं फुगतो. बेचाळीस डिग्रीत माणूसही वाजतो.

९ मे, बोदवड

टँकर पंपावर आला की दहा मिनिटं उभा ठेवायचा, माल स्थिर होऊ द्यायचा, मग वरून मापाची पट्टी सोडायची. पंपाच्या मॅनेजर वृषालीताई हे काम स्वतः करतात. ड्रायव्हर जातीवर त्यांचा विश्वास नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सील शाबूत होतं. तिसऱ्या कप्प्यात माल बोटभर वर निघाला. त्यांनी तीनदा पट्टी टाकली. पासष्ट लिटर जास्त. पंपाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

रिकामं केल्यावर मात्र माल बिलाइतकाच भरला. थेंब जास्त नाही.

मी म्हटलं, पट्टी खोटी असेल. ताई म्हणाल्या, भरल्या हंड्यात तांब्या बुडवला की पाणी वर चढतं, तसं दिसतंय. हसत म्हणाल्या. मग माझ्या हातातला दांडका त्यांना दिसला आणि हसू गेलं. हा निंबाचा ना, एवढंच विचारलं.

१० मे

पितांबर आमच्या टँकरांचा मिस्त्री. चहा पीत नाही. खान्देशात चहा न पिणारा मिस्त्री म्हणजे काहीतरी बिघाड आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.

आज त्याला निंबाचं विचारलं. माझ्या आधीचा ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी टाकीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी निंबा तिसऱ्या कप्प्यात उतरला, तळाचं पेट्रोल पुसायला. टँकरचे मालक शेठ प्रेमराज, त्यांना घाई; आतली वाफ जायला कप्प्याला पुरती हवाही दिलेली नव्हती. अशा वेळी एक जण आत आणि एक वर, दोर धरून. आतल्यानं तीन ठोके दिले की वरच्यानं तीन द्यायचे. म्हणजे, मी आहे. वर पितांबर होता.

“मी फक्त च्या पेवाले गयथू, भाऊ. दोन मिनिट.”

परत आला तेव्हा ठोके चालू होते, म्हणाला. झाकणाशी पोचेपर्यंत थांबले.

निंबा अंगानं बारीक होता. पासष्ट किलोचा असेल.

मग माझ्या हातातल्या दांडक्याकडे बघून पितांबर म्हणाला, “तू ठोकं नको, अभिमनभाऊ. त्याले वाटस, वर कोनी शे.”

१३ मे

ठोकणं बंद केलंय. तो बंद करत नाही.

पिंपळनेरच्या चढावर, भर दुपारी. तीन. थोडं थांबून तीन. माल भरलेला असताना. थकल्यासारखे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू —

घरी ताट वाजलं तरी दचकतो. लिलाबाई म्हणाली, सोड ही गाडी. मग स्वतःच म्हणाली, म्हणजे परत कोलकाता.

१५ मे

उद्या तपासणी. शेठचा निरोप, कप्पे कोरडे पाहिजेत. तिसऱ्यात मी उतरायचं, नाहीतर चावी ठेवून जायचं.

लिलाबाईला सांगितलेलं नाही. तिनं आज तिखट बरोबर टाकलं होतं.

१६ मे, सकाळी

पितांबरनं मला उतरू दिलं नाही. सकाळपासून झाकणं उघडी ठेवून हवा दिली, स्वतःच कमरेला दोर बांधला. म्हणाला, तू फक्त वर बस. चहाला जाऊ नको.

वर बसलोय. दोर मनगटाला गुंडाळलाय. वही मांडीवर, दांडका शेजारी, जागचं हलू नये म्हणून लिहितोय.

तीन आले. तीन दिले.

खालून शेठ हाक मारतायत, चहा आलाय म्हणून. जात नाही.

तीन आले. दिले.

आणखी तीन. पितांबरचे नाहीत. तो झाकणाखालीच आहे, मला त्याचं डोकं दिसतंय, त्याचे हात थांबलेत. तो मागे बघतोय, कोपऱ्यात —

दोर ओढला. येतोय. पण जड. एका माणसाचा भार नाही हा —

पुन्हा तीन. अगदी हळू. या तीन ठोक्यांना दोन वर्षांत कुणी उत्तर दिलेलं नाही. देणं पितांबरचं, पण दांडका माझ्याकडे आहे.

निंबाभाऊ, वर आहे मी.

एक.

दोन.

दोर हातून सुटत नाही, पितांबर आणि निंबा, दोघांनाही वर घेऊनच — ती—