सगळ्यांना चालेल असा डबा

४ मार्च, मंगळवार
फ्लाइंग क्लबची मीटिंग. पुन्हा! विमानं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून इशारा देणारा कुठला डबा घ्यायचा, यावर अख्खी संध्याकाळ खलबतं. मी सेक्रेटरी, म्हणून भांडणं लिहून घ्यायचीही मीच.

बिनइंजिनाच्या ग्लायडरवाल्यांचा डबा फक्त ग्लायडरशी बोलतो. इंजिनवाल्यांचा डबा ग्लायडरला ओळखही देत नाही. एका आकाशात उडायचं आणि एकमेकांचं तोंड बघायचं नाही — मालकांवर गेलेत अगदी! अध्यक्ष म्हणाले, "डोळे उघडे ठेवले की झालं." आणि पेंगायला लागले.

७ मार्च
नवरा पेटलाय. ग्लायडरचा चॅम्पियन, पण एकाएकी सगळ्यांचा कैवारी! "हलका, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, दोन्हीकडचं ऐकणारा डबा हवा. प्रत्येक विमानात! त्याशिवाय माझी पोर एकटी उडणार नाही." लेकीचं पहिलं एकटीचं उड्डाण सोळाला. ठराव मंजूर.

मला भरून आलं. त्याला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

१२ मार्च
डबे आले. अध्यक्षांनी आपला उलटा बसवला. समोरचं विमान डब्याच्या पडद्यावर मागे दिसतं, आणि म्हणे डबाच भिकार!

१६ मार्च, रविवार
लेक एकटी उडाली! मी धावपट्टीच्या कडेला. शेवटच्या वळणावर तिच्या विमानाच्या पोटाखालून एक पांढरा ग्लायडर सपकन गेला. जेमतेम दोन हात! ती तशीच उडत राहिली. उतरली ती नाचतच — "आई, पडद्यावर कोणीच नव्हतं! सगळं आकाश माझं!" मी हसले. नजर मात्र त्या पांढऱ्या ग्लायडरवर.

मग तो ग्लायडर उतरला. नवरा!

आज ग्लायडरवाल्यांची स्पर्धा होती. या लोकांची खोडच आहे — वर चढवणारी हवा सापडली की डबा बंद. नाहीतर बाकीचे पडद्यावर बघून त्याच हवेत घुसतात.

"बंद होता?" मी विचारलं.

"मग! फुकट्यांना कशाला पत्ता देऊ?" म्हणाला, आणि लेकीला उचलून गरागरा फिरवलं. दोघांनाही काही कळलेलं नाही.

१७ मार्च
रात्रभर डोळा लागला नाही. आज त्याला सांगितलं. मटकन खाली बसला. म्हणाला, "तिचं उडणं थांबव."

म्हटलं, "तिचं नाही. तुझं थांबवलंय. सकाळीच अध्यक्षांशी बोलून आलेय."