तोंड त्याचं, हात माझे

११ फेब्रुवारी

मनगट मोडलं. उजवं. रोज लिफ्टच्या छपरावर उभं राहून दुरुस्तीची कामं करणारा माणूस, आणि पडला कुठे — न्हाणीघरात, प्लास्टिकच्या स्टुलावरून, बल्ब बदलताना! सहा आठवडे प्लास्टर. शुद्ध आल्याआल्या डॉक्टरला पहिला प्रश्न काय? 'बोटं हलतील ना? माऊस धरता येईल?' डॉक्टरला वाटलं, बिचारा ऑफिसात काम करत असेल. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिले.

रात्री ताईला फोन. नवी नोकरी पक्की झाल्याचं फक्त तिलाच माहीत आहे. दुसऱ्या गावातलं मोठं हॉटेल, लिनन रूमची, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या खात्याची, मुख्य मी, राहायला खोली तिथेच. एकटीने जायचं. कायमचं. त्याला अजून सांगितलेलं नाही. ताई म्हणाली, 'अगं, हात मोडलेल्या माणसाला टाकून जाणार? प्लास्टर निघेपर्यंत तरी थांब.' ठीक आहे, थांबते. हॉटेलवाल्यांनी वीस एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे. प्लास्टर निघालं की सांगणार आणि निघणार.

१३ फेब्रुवारी

डाव्या हाताने दात घासतो. पेस्ट कानापर्यंत.

१५ फेब्रुवारी

आज लाडीगोडी सुरू. चहा 'छान झालाय' म्हणाला. लग्नाला चौदा वर्षं झाली, चहा छान झाल्याचं आजच कळलं! तेव्हाच समजलं, काहीतरी काढायचंय माझ्याकडून.

निघालं ते असं. त्याच्या त्या खेळात राक्षस मारला की पेटी उघडते. पेटीत नशिबाने काही मिळतं, नाहीतर फुटकळ माल. पण तुमच्याकडे जादाचा शिक्का असेल तर आणखी एक पेटी उघडता येते. जितके शिक्के टाकाल तितक्या पेट्या. हे शिक्के आठवड्याला तीनच मिळतात, आणि तेही हलकीसलकी कामं करून — रानडुकरं मारा, मुळ्या उपटा, कुठल्याशा म्हाताऱ्याची हरवलेली कोंबडी शोधून आणा. बुधवारी आठवडा संपला की त्या आठवड्याचे न कमावलेले गेले ते गेलेच. ह्याने बारा साठवलेत. शेवटच्या राक्षसाच्या पेटीत म्हणे एक तलवार आहे.

'रोज अर्धा तास फक्त. मी शेजारी बसून सांगतो.'

वय वर्षं त्रेचाळीस. कोंबडी शोधायची आहे.

हो म्हटलं. जायचंच आहे मला, तेवढीच शेवटची भीक.

१८ फेब्रुवारी

दिवसभर इथल्या हॉटेलातल्या चादरी मोजा, डाग बघा, इस्त्रीच्या मशीनवरच्या पोरींवर ओरडा. घरी आले की डुकरं. पण खरं सांगायचं तर काम तेच आहे. एक उचल, घडी घाल, ठेव. दुसरं उचल. ह्याला अर्धा तास लागायचा त्या मुळ्या उपटायला. मी वीस मिनिटांत आटोपलं. हा बघतच राहिला. म्हटलं, 'तू मध्येमध्ये धावत सुटतोस. एका ओळीने जा की.' आठ वर्षं खेळतोय आणि ओळीने जायचं सुचलं नाही!

तलवारवाल्याचा वेश घेतला की डुकरं मला लोळवतात, म्हणून त्याने मला वैद्याचा वेश घ्यायला शिकवलं. एक बटण दाबलं की तोच माणूस तलवार टाकतो आणि काठी घेतो. स्वतःच स्वतःला मलमपट्टी करत डुकरं मारायची. हे बरं पडतं.

२४ फेब्रुवारी

आज त्याच्या टोळीबरोबर मोठी मोहीम. आठ वाजता सगळे कानाला हेडफोन लावून हजर. टोळीत कुणालाही माहीत नाही की हात माझे आहेत. हा माईकवर बोलतो, मी खेळते. तोंड त्याचं, हात माझे! पत्र्याच्या डब्याएवढी खोली, एकाच खुर्चीवर मी, शेजारी स्टुलावर हा — त्याच स्टुलावर! — आणि प्लास्टर माझ्या मांडीवर, कारण ठेवायला दुसरीकडे जागा नाही.

टोळी म्हणजे काय नग आहेत एकेक. म्होरक्याला सगळे मुकादम म्हणतात. दिवसा कुठेतरी गोदामात माल उतरवून घेतो, संध्याकाळी इथे येऊन पुन्हा तेच. 'डावीकडे! डावीकडे म्हटलं ना! तुमची डावी वेगळी आहे का रे?' दुसरा एक बाप्या, त्याला मावशी म्हणतात. तो पहिल्याच राक्षसावर सगळे शिक्के उधळतो आणि मग शेवटपर्यंत रडतो. दर आठवड्याला. माझ्या इस्त्रीवाल्या पोरींना याहून जास्त अक्कल आहे.

शेवटी मुकादम ह्याला म्हणाला, 'हात मोडल्यापासून सुधारलास रे तू.'

हा खो खो हसला. मला मुळीच हसू आलं नाही.

३ मार्च

ताई विचारते, 'अजून राग तसाच आहे का गं?'

तसाच आहे. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ह्याच खोलीच्या दारात उभी होते. कानातला हेडफोन बाजूला न करता म्हणाला, 'दोन मिनिटं, शेवटचा उरलाय.' मी एकटीच रिक्षा शोधायला खाली गेले. तो नंतर धावत आला, रडलाही, पुढचं सगळं त्यानेच उरकलं. सगळं खरं. पण ती दोन मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत, आणि जावीत असं मला वाटतही नाही.

८ मार्च

डुकरं. मुळ्या. कोंबडी. त्या म्हाताऱ्याने ही कोंबडी बांधून का ठेवू नये?

हा विचारतो, 'लिनन रूममध्ये आज काय झालं?' डुकरं मारता मारता सांगितलं — एका पाहुण्याने केसांचा रंग सहा टॉवेलांना पुसला आणि वर म्हणाला, टॉवेल आधीपासून तसेच होते. हा म्हणाला, 'मग तू काय म्हणालीस?' आठ वर्षांत हा प्रश्न आला नव्हता. हात अडकलेत म्हणून कान मोकळे झालेत, दुसरं काही नाही.

१४ मार्च

संताप संताप!

मोहीम संपल्यावर मुकादम सगळ्यांचे शिक्के बघत होता. ह्याला म्हणाला, 'अरे, तुझी पिशवी कधीची भरलीय. वीसच्या वर ती एकही शिक्का धरत नाही, माहीत आहे ना? मग रोज डुकरं कशाला मारतोस वेड्यासारखा?'

मी माऊस खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. म्हणजे गेले दहा-बारा दिवस मी फुकट राबतेय! एकही शिक्का आत गेलेला नाही!

'विसरलोच गं,' म्हणाला. कानाची पाळी लाल. लिफ्टच्या तारा हा कसा काय लक्षात ठेवतो देव जाणे. त्या लिफ्टमधून लोक जातात-येतात!

१५ मार्च

आज नाही बसले. पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत. हा दोनदा पाणी प्यायला आला. तिसऱ्यांदा म्हणाला, 'नुसती मोहीम तरी?'

बसले. मुकादमाची दया येते म्हणून. मी नसले तर ते सगळे पहिल्या दारातच मरतात.

२५ मार्च

प्लास्टर निघायचा दिवस. मला सुट्टी मिळाली नाही, तो एकटाच गेला. मी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. सरळ, चार वाक्यांत.

आला तर हात तसाच! पांढरा ठोकळा. 'हाड नीट जुळलं नाही म्हणतात. अजून तीन आठवडे.'

हाडसुद्धा ह्याचं आळशी. बॅग परत माळ्यावर.

२ एप्रिल

मेला! शेवटचा राक्षस मेला! टोळीने वर्षभर डोकं आपटलं होतं त्याच्यावर. मुकादम ओरडून ओरडून घोगरा झाला, मावशी रडला. मीही ओरडले वाटतं, कारण हा माईकवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता.

मग शिक्के. ह्याचे वीसच्या वीस. 'टाक सगळे,' म्हणाला. मी टाकले. पहिली पेटी — मलमाची डबी. दुसरी — मुळ्यांची थैली. तिसरी — पांढरा झगा. तलवार नाहीच! पाचवीला माझ्या लक्षात आलं. सकाळी म्हाताऱ्याची कोंबडी शोधली होती, सवयीने, वैद्याचा वेश घेऊन. तो बदलायचा राहिला. मोहीम मी काठी घेऊनच लढले होते, गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि पेटी ज्याचा वेश त्याचाच माल देते. वीस पेट्या, वीस शिक्के, सगळा वैद्याचा संसार! शेवटच्या पेटीत तर काठी. म्हणे खेळातली सगळ्यात भारी काठी.

मला वाटलं आता हा ओरडणार. ओरडायला हवं होतं, म्हणजे मलाही तोंड सोडता आलं असतं. हा हसत सुटला. प्लास्टर टेबलावर आपटत हसला. डोळ्यांतून पाणी. 'वीस झगे!' म्हणाला. 'बरं झालं. आता पिशवी रिकामी. पहिल्यापासून साठवू.'

साठवू म्हणे! व्यसनी माणूस. दारू परवडली, तिचा निदान वास तरी येतो.

३ एप्रिल

झगे चारच होते. मोजता येत नाही मेल्याला.

९ एप्रिल

पुन्हा डुकरं. रिकामी पिशवी भरायची आहे! हात वास मारायला लागलाय. म्हटलं, हॉस्पिटलात जाऊन दाखव. 'जातो की, घाई काय,' म्हणाला. कंपनीतून फोन येतात, तेही टाळतो. त्याच्या जागी दुसरा माणूस इमारतींच्या फेऱ्या करतोय. अशाने नोकरी जाईल. जाऊ दे. माझा काय संबंध? वीस तारीख जवळ आली.

आज एकदा तो स्टुलावर बसल्याबसल्या झोपला, डोकं माझ्या खांद्यावर. जड डोकं. मी तशीच डुकरं मारत राहिले. उठवायचा कंटाळा आला, एवढंच.

१५ एप्रिल

रजा टाकली आणि हाताला धरून — चांगल्या हाताला — हॉस्पिटलात नेलं. प्लास्टर कापणारा माणूस ह्याला बघून ओरडलाच. 'अहो, मागच्या महिन्यात काढायला बसवलं तर उठून गेलात! म्हणालात, राहू दे अजून. आता आलात? किती दिवस झाले!'

मी ह्याच्याकडे बघितलं. हा जमिनीकडे.

करवत फिरली. आतला हात बाहेर आला. काठीसारखा. मनगट वळतच नाही. मूठ अर्धीच मिटते. डॉक्टर झापत होते — व्यायाम, महिनोन्‌महिने व्यायाम, आणि अवजारं धरायची इतक्यात विसरा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस! हाड वेळेवर जुळलं होतं. ह्याने मुद्दाम ठेवलं!

जिन्यात थांबवून विचारलं. 'का? मी डुकरं मारावीत म्हणून? त्या शिक्क्यांसाठी हात घालवलास?'

'हो,' म्हणाला.

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. इतका क्षुद्र माणूस मी चौदा वर्षं पोसला! फुकटची मोलकरीण हवी होती. तिथेच, जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर सांगून टाकलं — नोकरी, खोली, गाव, सगळं. चार वाक्यं ठरवली होती, चाळीस झाली.

'बरं,' म्हणाला. 'गाडी किती वाजता?'

१६ एप्रिल

बॅग भरली. उद्या सकाळची गाडी. त्याने आज कॉम्प्युटर लावला नाही. डाव्या हाताने डबा करायचा प्रयत्न चाललाय स्वयंपाकघरात, वाटेत खायला. कांदा चिरणं म्हणजे नुसता खून. मी मदतीला गेले नाही.

रात्री

ताईचा फोन. मी सगळं सांगितलं, शिव्या घालून घालून सांगितलं. ती रडायलाच लागली. 'मला माफ कर गं. तो पडला ना, त्याच आठवड्यात मी त्याला सांगून टाकलं होतं. म्हटलं, प्लास्टर निघालं की ती जाणार आहे, तोवर काय जमेल ते बघ.'

आणि मी जिन्यात विचारलं, शिक्क्यांसाठी का? तर 'हो' म्हणाला.