सहा तास उपाशी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू डॉक्टर होतेस आणि दोन वाक्यांत मला गप्प बसवतेस, म्हणून लिहितो. आमच्या गोबूचं काहीतरी बिनसलंय. गेल्या पंधरवड्यात तीन वेळा ती सकाळी उठेचना. गदागदा हलवलं तर अंग घामाने गार, नजर भलतीकडे, आणि परवा तर हातपाय झटकले. थोडी शुद्ध आल्यावर तुझ्या भावजयीने दूध पाजलं, तर अर्ध्या तासात बाईसाहेब ताट पुढ्यात ओढून बसल्या!

इथले डॉक्टर म्हणतात ही फिट आहे, गोळ्या सुरू करा. आई म्हणते कसली फिट, पोरगी लाडावलीय. दर दोन तासांनी खायला मागते, साडेतीन वर्षांच्या मुलीला जेवणाच्या वेळा कळायला नकोत का? मला ते पटलं. दहा दिवस झाले, मधलं खाणं बंद केलंय. रडून घर डोक्यावर घेते आणि बायको माझ्याशी धड बोलत नाही.

एरवी बघशील तर गाल हे एवढाले, पोट नगाऱ्यासारखं. उंचीचंच काय ते कळत नाही. वर्कशॉपच्या चौकटीवर दर महिन्याला पेन्सिलीने खूण करतो, ती वर्षभरात बोटभरसुद्धा वर गेलेली नाही. गोळ्या द्यायच्या की नाही एवढं सांग. तू सांगशील तसं करतो.

लहान भावावर माया आहेच, ती असू दे.
तुझा
ठोकळ्या

९ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
अ. आ.

अरे, अक्कल गहाण ठेवलीस का? जी पोरगी खाल्लं की टवटवीत होते, तिचं खाणं बंद करतोस? पत्र वाचून संपायच्या आत तिच्या हातात काहीतरी खायला दे. आईला सांग, ओरडायचं असेल तर मला ओरड, मला सवय आहे.

सकाळचा घाम, सारखी भूक, थांबलेली उंची आणि तुझा तो नगारा, हे सगळं एकत्र वाचून मला चैन पडेना. रक्तातली साखर उतरत असणार असा माझा संशय आहे. साखर सोनोग्राफीत दिसत नाही, ती रक्तातच मोजावी लागते. पण ती का उतरते, हे पोटात डोकावलं की पुष्कळदा कळतं, आणि पोटात डोकावणं हा तर माझा रोजचा धंदा. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंशी बोलले आहे. त्यांनी तपासेपर्यंत गोळ्यांना हात लावू नकोस.

वीस तारखेला सकाळी दहाला तिला पाठव. सोबत आमच्या सोनोग्राफी विभागाची चिठ्ठी जोडली आहे, ती खिडकीवर दाखवली की रांगेत उभं राहावं लागणार नाही. तू टेबलांच्या ऑर्डरीत गळ्यापर्यंत बुडालेला असशील, तेव्हा आई आणि वहिनी आल्या तरी चालेल. घाबरू नकोस. मी आहे ना.

सगळ्यांना जवळ घेतलं असं समज.
तुझी
ताई

२१ फेब्रुवारी

चि. भावास,
अ. आ.

आज ठोकळ्या म्हणवत नाही. काल फोनवर गोबू बरी आहे एवढंच सांगितलं. ती बरी आहेच, माझ्या शेजारी बसून भात खातेय. पण जे घडलं ते नीट लिहायला हवं.

आमच्या चिठ्ठीवर एक ओळ छापलेली असते: तपासणीआधी सहा तास काही खाऊ नये. पित्ताशय नीट दिसावं म्हणून. अठरा वर्षं ही चिठ्ठी हातोहात देतेय, ती ओळ आता मला दिसतसुद्धा नाही. तुला पत्रात खाऊ घाल म्हणून बजावलं आणि त्याच पाकिटात तिला उपाशी ठेवायचा हुकूम घातला. वहिनीला वाटलं, तपासणीच्या दिवसापुरता नियम वेगळा असेल. पहाटे चारनंतर पोरीला काही दिलं नाही.

दहाला मी बाहेर आले तर गोबू आजीच्या मांडीवर मान टाकून पडलेली. आजीला वाटलं प्रवासाने पेंगली. हात लावला तर बर्फ. बोट टोचून साखर पाहिली, अठ्ठावीस! निदान सत्तर तरी हवी. बालरोगतज्ज्ञ बाई धावत आल्या. साखर उतरलेली असतानाचं रक्त निदानाला मोलाचं असतं म्हणून त्यांनी झटक्यात दोन नळ्या भरल्या आणि लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. पाच मिनिटांत हिने डोळे उघडले आणि भूक लागली म्हणून भोकाड पसरलं. इतकं गोड भोकाड मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मग सोनोग्राफी केली. यकृत बेंबीच्या खाली उतरलंय आणि पडद्यावर पांढरंफेक दिसतं. दोन्ही मूत्रपिंडंही मोठी. यकृत म्हणजे साखरेचं कोठार. हिचं कोठार भरतं, पण दार उघडत नाही. म्हणून जेवल्यावर चार तासांत पोरगी रिकामी. नगारा तो हा. रक्ताचे रिपोर्टही तेच सांगतात. जनुकाची चाचणी पाठवली आहे, पण बाईंना फारशी शंका नाही. फिट नाही, लाड तर नाहीतच. उपाय साधा आहे: थंड पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लॉवर, मोजून, ठरल्या वेळी, रात्रीसुद्धा. ते सावकाश पचतं, त्यामुळे साखर तासन्‌तास थोडी थोडी मिळत राहते. पथ्य बरंच आहे, पण मूल वाढतं.

आणखी एक. तुझ्या शिस्तीच्या आधीपासूनच, आईच्या धाकाने, वहिनी मध्यरात्री सगळे झोपले की गोबूला चोरून दूध पाजत होती. ज्या तीन रात्री तिचा डोळा लागला, त्याच तीन सकाळी पोरगी उठली नाही. तिने हे मला रडत सांगितलं, जणू तिनेच गुन्हा केला होता. तिने तुझी मुलगी वाचवली रे. आणि मी, एवढी शिकलेली आत्या, तिला घालवून बसले असते.

चूक माझी आहे. रागावायचं तर खुशाल रागाव, पण गप्प बसू नकोस.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही कागद फाडले. मग वाटलं, तू तिला एक सकाळ उपाशी ठेवलीस तीही न कळत, मी दहा दिवस समजून उमजून ठेवली होती. तुझ्यावर रागवायला तोंड कुठाय मला?

आईने सुनेची माफी मागितली. म्हणजे तोंडाने नाही, तुला माहीतच आहे. पण आता घड्याळासमोर खुर्ची टाकून बसते आणि कॉर्नफ्लॉवरची वेळ पाच मिनिटं टळली तर आम्हा दोघांना फैलावर घेते. मापाला माझ्या वर्कशॉपमधला काटा आणायला निघालो होतो, तर बायको म्हणाली लाकडाचा भुसा नको त्यात, नवा आण. आणला. माझ्याशी बोलते आता, बरंच बोलते.

जनुकाचा रिपोर्ट आला, बाईंचं म्हणणं खरं ठरलं. त्या म्हणतात, जन्मभर सांभाळावं लागेल. सांभाळू.

लिहायचं ते हे की काल सकाळी कुणीतरी माझ्या गालावर फटाफट मारत होतं. गोबू! उशाशी उभी, स्वतःची स्वतः उठलेली, मला आळशी म्हणत होती. ताई, मला केव्हाच जाग आली होती, पण मी डोळे मिटून तसाच पडून राहिलो. म्हटलं, अजून एकदा उठवू दे.

ये लवकर, आणि माया आहे तेवढीच राहू दे, कमी नको.
तुझा
ठोकळ्या