काका बोलत राहिले

मंगळवार संध्याकाळ, ट्रॉय

आज आमच्या वसाहतीच्या एचओए बोर्डाची, म्हणजे घरमालकांच्या मंडळाची, ऑनलाइन मीटिंग झाली. सेक्रेटरी मी, म्हणजे तीन मिनिटं झाली की बोलणाऱ्याला म्यूट करणं माझ्याच हातात. समोरच्या घरातले देशपांडे काका पहिल्यांदाच आले होते. रिटायर्ड इंजिनियर, ऐंशीच्या घरातले. त्यांची तीन मिनिटं सगळ्यांचे आभार मानण्यात आणि ओळख करून देण्यातच गेली. मी म्यूट केलं. त्यांना कळलंच नाही; बोलताना त्यांनी स्पीकर बंद ठेवला असावा. ते हातवारे करत बोलत राहिले, ओठ हलत होते, एकदा डोळेही पुसले. मी बघत होते, तरी पुढचं नाव पुकारलं. का? नियम म्हणून? की मी आपल्या माणसाला झुकतं माप देते असं कोणाला वाटू नये म्हणून?

बोलून झाल्यावर काका लॉग आउट झाले. मग तळ्याकाठचा जुना बाक काढायचा ठराव मंजूर झाला.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "थँक यू हं. किती शांतपणे ऐकलं सगळ्यांनी! कोणी मधे बोललं नाही."

"काका, शेवटी काय म्हणालात तुम्ही?"

"हेच, की ऑपरेशननंतर हिला त्या बाकापर्यंतच चालता येतं. तेवढंच तिचं बाहेर पडणं. ठेवतील ना गं बाक?"

"बघते," म्हणाले आणि फोन ठेवला. ते हलणारे ओठ डोळ्यांसमोरून जात नाहीत.

प्रेसिडेंटना ईमेल केली: चूक माझी आहे, पुन्हा मत घ्या. लगेच उत्तर आलं. ठराव झालाय, बाक शुक्रवारी निघेल.

काकांना खरं सांगायला हवं. फोनवर नाही. सकाळी जाऊन, काकूंच्याही समोर.